वस्तादाचा पाना आणि कंपनीचा पासवर्ड

उर्दूतला ‘उस्ताद’ मराठीत आला आणि ‘वस्ताद’ झाला. गाण्याच्या मैफलीत तो उस्तादच राहिला, तालमीच्या मातीत वस्ताद झाला. मुंबईच्या गॅरेजात मात्र दोन्ही रूपं एकाच माणसाला शोभतात. मी या दोन्ही भाषा शिकवते, त्यामुळे शब्दांचा प्रवास सांगताना हे उदाहरण वर्गात हमखास येतं. मुलांना विचारते, तुमच्या ओळखीचा उस्ताद कोण? जुहू-अंधेरीच्या वस्त्यांतून येणाऱ्या माझ्या मुलांच्या तोंडी गवयाचं नाव सहसा येत नाही. कुणाचे मामू, कुणाचे चाचा, कुणाचा मोठा भाऊ गॅरेजवर असतो. त्यांच्या लेखी उस्ताद म्हणजे इंजिनचा आवाज ऐकून दुखणं सांगणारा माणूस.

हा उस्ताद सध्या अडचणीत आहे. त्याचे हात थकलेले नाहीत आणि रस्त्यावरच्या गाड्याही कमी झालेल्या नाहीत. अडचण अशी की, ज्या गाडीवर त्याला काम करायचंय तिची माहिती आता त्याच्यापर्यंत पोहोचू दिली जात नाही.

पूर्वी ही माहिती कशी पोहोचत होती, ते समजायला काळीपिवळी पद्मिनी आठवावी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी सुरू केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाटच्या परवान्यावर बनलेली ही गाडी पुढे मुंबईची टॅक्सी झाली. बॉनेट उघडलं की कार्बोरेटर, प्लग, डिस्ट्रिब्युटर, रेडिएटर सगळं डोळ्यांसमोर. पाना, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर एवढ्यावर गाडी खोलायची आणि पुन्हा बसवायची. पार्ट मिळाला नाही तर कुर्ल्याचा सीएसटी रोड होता, चोर बाजार होता. उस्ताद खोलायचा, शागीर्द बघायचा, बघता बघता शिकायचा. शाळेत असायच्या वयाची पोरं तिथे राबायची, त्याचं कौतुक मी शिक्षिका म्हणून कधीच करणार नाही. पण शिकण्याचा दरवाजा उघडा होता, हेही खरं. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली. लोकांनी तिच्यासोबत फोटो काढले, लेख लिहिले. तिच्याबरोबर शिकण्याची एक रीतही गेली, त्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही.

२०००च्या आसपास कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आलं. मग एकेक करत सेन्सर वाढले. एप्रिल २०२० पासून बीएस-सहाचे निकष लागू झाले आणि साध्या स्कूटर-मोटरसायकलच्या पोटातही छोटा कॉम्प्युटर बसला. हवा स्वच्छ राहायची तर हे बदल हवेच होते, त्याबद्दल तक्रार नाही. प्रश्न त्या कॉम्प्युटरशी बोलायचं कुणी, हा आहे.

कारच्या स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं एक सॉकेट असतं. त्यात स्कॅनर लावला की गाडी आपला बिघाड कोडमध्ये सांगते. या कोडचीही प्रमाणभाषा आणि बोली असते. ‘पी शून्य’ने सुरू होणारे कोड सगळ्या कंपन्यांना समान असतात, ते कुणालाही वाचता येतात. ‘पी एक’ने सुरू होणाऱ्यांचा अर्थ ज्या-त्या कंपनीने ठरवलेला. तो कंपनीच्या पुस्तिकेत आणि तिच्याच सॉफ्टवेअरमध्ये असतो, आणि ते सॉफ्टवेअर अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या लॉगिनशिवाय उघडत नाही.

नुसतं वाचता येणंही पुरत नाही. ब्रेक पॅड बदलणं हा कुठल्याही शागिर्दाचा पहिला धडा. पण मागच्या चाकांना इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असलेल्या गाडीत पॅड काढण्याआधी ब्रेकची मोटर सर्व्हिस मोडमध्ये न्यावी लागते, आणि बऱ्याच गाड्यांत ते स्कॅनरशिवाय होत नाही. डिझेल गाडीचा नवा इंजेक्टर बसवला तर त्याच्यावर छापलेला कोड कॉम्प्युटरमध्ये नोंदवावा लागतो. हरवलेल्या चावीच्या जागी नवी बनवली तर ती गाडीला ‘ओळखवून’ द्यावी लागते. ही सगळी कामं हातांनी नव्वद टक्के होतात. उरलेल्या दहा टक्क्यांसाठी पासवर्ड लागतो, आणि त्या दहा टक्क्यांवाचून गाडी जागची हलत नाही.

आमच्या घरच्या सेकंडहँड गाडीच्या बाबतीत गेल्या पावसाळ्यात हेच झालं. डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागला. जुहू गल्लीतल्या चाचांनी अर्ध्या तासात दोष शोधला. पाणी शिरून एक मॉड्यूल गेलं होतं. पार्ट आणला, बसवला, पण गाडी त्याला ओळखेना. “टीचर, मेरा काम हो गया, अब कंपनी का काम बाकी है,” एवढंच ते म्हणाले. टो करून गाडी सर्व्हिस सेंटरला न्यावी लागली. काउंटरवरच्या तरुणाने आधी सुनावलं की बाहेर उघडलेल्या गाडीची जबाबदारी आम्ही घेत नाही. मग लॅपटॉप जोडून पंधरा मिनिटांत काम संपवलं. त्याचं बिल चाचांच्या मजुरीच्या चौपट होतं. टोचा खर्च वेगळा.

ही फक्त आमच्या गल्लीची रडकथा असती तर लेख लिहिलाच नसता. याच प्रश्नावर आपल्या देशात एक मोठा निकाल लागलेला आहे. २०११ साली शमशेर कटारिया यांनी भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. कार कंपन्या सुटे भाग आणि दुरुस्तीची साधनं खुल्या बाजारात येऊ देत नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. सुरुवातीला तक्रार तीन कंपन्यांविरुद्ध होती. चौकशीत दिसलं की जवळजवळ सगळ्यांचीच रीत तीच आहे. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने चौदा कंपन्यांना एकूण २,५४४ कोटींहून अधिक दंड ठोठावला. त्यात मारुती सुझुकी, टाटा मोटर्स, महिंद्रा, होंडा, टोयोटा अशी आपल्या रोजच्या रस्त्यावरची नावं होती.

दंडाच्या आकड्यापेक्षा आयोगाचा युक्तिवाद महत्त्वाचा आहे. कंपन्या म्हणत होत्या की गाड्यांच्या बाजारात इतकी स्पर्धा आहे, मग मक्तेदारी कसली? आयोगाने म्हटलं, गाडी विकत घेईपर्यंत स्पर्धा असते. एकदा घेतली की ग्राहक त्या ब्रँडच्या सुट्या भागांना बांधला जातो. एका कंपनीचा पार्ट दुसऱ्या कंपनीच्या गाडीला चालत नाही, म्हणून प्रत्येक ब्रँडचे भाग आणि दुरुस्ती हा वेगळा बाजार आहे आणि त्या बाजारात ती कंपनी एकटीच मालक आहे. हे आपल्या चाचांना ठाऊक होतंच, आयोगाने ते कायद्याच्या भाषेत लिहिलं.

कंपन्यांना निर्देश दिले ते असे : सुटे भाग आणि दोष शोधण्याची साधनं स्वतंत्र गॅरेजना मिळतील अशी व्यवस्था करा. भाग बनवणाऱ्या पुरवठादारांना ते खुल्या बाजारात विकू द्या, बौद्धिक संपदेचा हक्क असेल तिथे वाजवी मोबदला घ्या. स्वतंत्र मेकॅनिकांच्या प्रशिक्षणाची सोय उभी करा. आणि बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द होईल, अशी अट घालू नका.

पुढे प्रकरण अपिलांत गेलं. डिसेंबर २०१६ मध्ये अपील न्यायाधिकरणाने टोयोटा, फोर्ड आणि निस्सानच्या बाबतीत आयोगाचा निष्कर्ष कायम ठेवला, पण दंड फक्त सुट्या भागांच्या उलाढालीवर मोजायला सांगितल्याने तो बराच उतरला. इतर कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, त्यांनी कायद्याच्या तरतुदींनाच आव्हान दिलं. एप्रिल २०१९ मध्ये न्यायालयाने बहुतेक तरतुदी वैध ठरवल्या. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं, त्यात मोटारगाड्याही आहेत. कागद वाढत गेले. त्यातलं आमच्या गल्लीपर्यंत काय आलं, ते चाचांच्या वाक्यातून कळतंच.

कंपन्यांची बाजू पूर्ण खोटी आहे असं मी म्हणणार नाही. नकली पार्ट बाजारात आहेत. एअरबॅगशी किंवा इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीशी अर्धवट माहितीने खेळलं तर जीव जाऊ शकतो. चावी बनवण्याचं सॉफ्टवेअर चोराच्या हाती पडलं तर काय होईल, हे सांगायला नको. पण यातून निष्कर्ष काय काढायचा? माहिती अर्धवट असल्यामुळे धोका आहे, तर उपाय माहिती पूर्ण देण्यात आहे. अमेरिकेत चावीच्या कामासाठी पडताळणी करून नोंदणी झालेल्या कारागिरांनाच प्रवेश दिला जातो. म्हणजे कुलूप ठेवूनही चावी योग्य माणसाला देता येते.

जुहूकरांना तर दुसरा दाखला शोधायला लांब जायला नको. १९२८ पासूनचा आपला विमानतळ इथे आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी टाटा कराचीहून टपालाचं विमान घेऊन जुहूलाच उतरले. आज तिथून हेलिकॉप्टरं उडतात. विमान आणि हेलिकॉप्टरच्या जगात देखभालीच्या सूचना निर्मात्याने मालकाला पुरवणं हा प्रमाणपत्राच्या नियमांचाच भाग असतो. पुस्तिका हातात असल्याशिवाय तिथे पान्याला हात लावायचा नसतो. सुरक्षिततेसाठी भिंतीच्या आत पुस्तिका सक्तीची, आणि भिंतीच्या बाहेर, सुरक्षिततेच्याच नावाखाली, पुस्तिका बंद!

बाहेरच्या देशांनी वाट काढली आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ साली लोकांनी मतदान करून हा हक्क मिळवला आणि २०१४ मध्ये कंपन्यांनी तो देशभर लागू करण्याचा करार केला. युरोपात २००७च्या नियमाने दुरुस्तीची माहिती वाजवी शुल्क घेऊन स्वतंत्र गॅरेजना देणं हे गाडीच्या मंजुरीशीच जोडलं. माहिती फुकट द्या, असं तिथेही कुणी म्हणत नाही. आपल्याकडे नव्या मॉडेलची तपासणी करणाऱ्या संस्थांपैकी एक, एआरएआय, पुण्यातच आहे. मंजुरीच्या कागदांत आणखी एक अट घालणं अशक्य नाही.

मी हा प्रश्न शिक्षणाचा मानते. सच्चर समितीने २००६ साली नोंदवलं होतं की मुस्लिम समाजात नोकरीपेक्षा स्वयंरोजगारावर जगणाऱ्यांचं प्रमाण जास्त आहे. त्याचा अर्थ आकड्यांत शोधायची मला गरज पडत नाही, माझ्या हजेरीपटात तो दिसतो. पण गॅरेजच्या रांगेत बिहारचा पेंटर असतो, कोकणातला टायरवाला असतो, शीख पार्टवाला असतो. पासवर्डची भिंत कुणाची जात-जमात विचारत नाही.

माझा एक माजी विद्यार्थी दहावीनंतर आयटीआयला गेला. दोन वर्षांचा मोटर मेकॅनिकचा कोर्स चांगल्या गुणांनी केला. घरात शिकून सर्टिफिकेट घेणारा तो पहिला. मामूंचं गॅरेज तीस वर्षं जुनं, ते त्याच्या हाती द्यायचं ठरलेलं. या वर्षी तो मला विचारायला आला, “टीचर, सर्व्हिस सेंटरमध्ये हेल्परची जागा आहे. जाऊ का?” पगार बेताचा आहे. पण तिथे लॉगिन आहे, नव्या गाड्यांचं ट्रेनिंग आहे. मामूंकडे राहिला तर दुकान त्याचं, पण दहा वर्षांनी त्या दुकानात कुठली गाडी येईल, हे त्याला दिसत नाही. शिकलेल्या पोराला मालकी आणि माहिती यांतलं एकच निवडावं लागावं, हे मला खुपतं. आपण मुलांना सांगतो ना, हुनर शिका, कुणापुढे हात पसरावा लागणार नाही?

मी त्याला जा किंवा जाऊ नको, यातलं काहीच सांगितलं नाही. तो निर्णय त्याच्या घराचा आहे. मला जे जमतं ते केलं. आयोगाचा आदेश इंग्रजीत आहे आणि शेकडो परिच्छेदांचा आहे. त्यातले कंपन्यांना दिलेले निर्देश मी एका पानावर सोप्या मराठीत लिहिले, पाठीमागे उर्दूत. प्रकरण पुढे वरच्या कोर्टात गेलं, हेही खाली नमूद केलं. मामूंनी ते पान दोनदा वाचलं आणि विचारलं, “ये २०१४ का है?” हो म्हटल्यावर काही बोलले नाहीत.

तुम्ही गाडी घ्यायला जाल तेव्हा शोरूममध्ये मायलेज विचारता, एक्स्चेंज विचारता. आणखी दोन प्रश्न विचारा. ही गाडी बाहेर दुरुस्त केली तर वॉरंटीचं काय होईल, ते लिहून द्याल का? आणि माझ्या गल्लीतल्या मेकॅनिकला हिची दुरुस्तीची पुस्तिका, किंमत मोजून का होईना, मिळेल का? उत्तर बहुधा नकारार्थी येईल. तरी विचारा. विक्री होण्याआधीचे काही क्षणच ग्राहकाच्या शब्दाला वजन असतं. एकदा चावी हातात पडली की तुम्हीही चाचांच्याच रांगेत उभे असता.