वरच्या मजल्याचे नेट

जिंतूरच्या आमच्या घरात खाली आम्ही आणि वर धाकटे दीर राहतात. नेटचे कनेक्शन एकच. फायबरचा डबा खाली बैठकीत, तिथून एक केबल जिन्यावरून वर गेलेली आणि वर त्यांचा जुना राउटर. दोन वर्षे कसलाच त्रास नव्हता. यंदा बकरीदच्या आधी मात्र नेटने जीव नकोसा केला. मोबाइलवर वायफायची खूण पूर्ण दिसे आणि खाली लिहिलेले असे, ‘इंटरनेट नाही’. एका मोबाइलवर चाले, शेजारच्यावर नाही.

वेळही अशी की विचारू नका. मोठ्या शहरांपुरते असलेले अकरावीचे केंद्रीय ऑनलाइन प्रवेश 2025 पासून साऱ्या राज्याला लागू झाले. लेकीला कॉलेजांचे दहापर्यंत पसंतीक्रम भरायचे होते आणि फॉर्म दरवेळी अर्ध्यावर अडके.

कंपनीचा मुलगा आला, डब्यावरचे दिवे पाहिले. लाल लागला असता तर बाहेर तार तुटली म्हणता आले असते, हिरवा होता. “बाहेरून सगळं ठीक आहे मॅडम, घरातच कुणीतरी नेट खेचत असेल,” म्हणून तो गेला. हे वाक्य आमच्या डोक्यात जाऊन बसले. वरच्या दोन्ही मुलांना सुट्टी, दिवसभर गेम. आम्ही जिन्यात उभे राहून बोललो, आणि हलक्या आवाजात नाही.

“बडी अम्मी, हमने कुछ नै किये,” थोरला एवढेच म्हणाला. देवरानीने काही उत्तर दिले नाही. त्या दिवसापासून मुले खाली यायची बंद झाली. वरून सालनाची वाटी यायची, तीही थांबली. बदगुमानीबद्दल सूरह हुजुरातमध्ये काय बजावले आहे, ते आम्हीच शाळेतल्या मुलांना समजावतो!

एक गोष्ट लेकीच्या लक्षात आली. लाइट गेली की नेट सुधारते! खाली इन्व्हर्टर आहे, वर नाही. म्हणजे वरचा राउटर बंद पडला की वायफाय बंद-चालू करताच खालचे सगळे मोबाइल नीट चालत. लाइट आली की तास-दोन तासांत पुन्हा एकेक आजारी. आम्हाला वाटले, सापडला चोर.

शाळेत संगणक शिकवणाऱ्या सरांना फोन केला. ते म्हणाले, चालणारा आणि न चालणारा मोबाइल शेजारी ठेवा आणि दोन्हींच्या वायफायच्या माहितीत ‘गेटवे’ बघा. एकावर 192.168.1.1 होते, दुसऱ्यावर 192.168.0.1. सर हसले. घरातल्या प्रत्येक मोबाइलला राउटर एक पत्ता वाटतो आणि बाहेर जायचा दरवाजा सांगतो. तुमच्या घरात दोघे वाटताहेत, म्हणाले. ज्याचा पत्ता आधी पोचला, मोबाइल त्याचे ऐकतो. वरच्याच्या दरवाजामागे मात्र रस्ताच नाही. वर जाऊन बघा, खालून आलेली केबल कोणत्या छिद्रात आहे.

राउटरला एक निळे छिद्र होते आणि चार पिवळी. बाहेरून येणारे नेट निळ्यात घ्यायचे असते. केबल पिवळ्यात होती. निळ्यात घातली, मोबाइलचे वायफाय बंद-चालू केले आणि दहा मिनिटांत सगळे सुरळीत झाले.

पण पिवळ्यात घातली कुणी? ईदच्या रंगरंगोटीत दीर-देवरानी मुलांना घेऊन नांदेडला गेले होते. वरचे कपाट आम्हीच सरकवले होते, केबल आम्हीच काढली होती आणि दिसेल त्या छिद्रात आम्हीच घातली होती.

देवरानी स्वयंपाकघरात होती. आम्ही चौकटीत उभे राहून सगळे सांगितले. जिन्यात बोलताना जेवढा आवाज होता तेवढा काही निघाला नाही. ती म्हणाली, “भाभी, चहा ठेवलाय, बसा.”

फॉर्म त्याच रात्री भरून झाला. धाकटा दुसऱ्या दिवशी खाली आला. थोरला आला तो थेट ईदला. सलाम केला, ईदी घेतली, आणि बसण्याआधी डब्यावरच्या दिव्याकडे एकदा बघून घेतले.