खुर्ची आणि सायकलचा पंप

बँकेत बावीस वर्षं काढलेल्या माणसाला खुर्चीबद्दल बोलायचा अधिकार असतो. खुर्ची म्हणजे सत्तेची नव्हे, ती साहेबांची. मी म्हणतो ती बसायची. तिच्यापायी माझ्या कमरेत जे काही झालंय त्यावर वेगळा लेख होईल.

तर चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन जोडपं. 1941 साली लग्न करून दोघं लॉस एंजेलिसला आली. नवी बिऱ्हाडं डबे-भांडी मांडतात. यांनी भाड्याच्या घरात प्लायवुड वाकवायचं यंत्र मांडलं! लाकडाच्या पातळ पापुद्र्यांना डिंक लावायचा, प्लॅस्टरच्या साच्यात ठेवायचे आणि सायकलच्या पंपानं रबरी पिशवी फुगवून दाबायचे. (घरमालक काय म्हणाला, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.)

बैठक आणि पाठ एकाच तुकड्यातून काढायची, हा ध्यास. पण प्लायवुड दोन बाजूंनी एकदम वळवलं की तडकतं. त्या विद्येतून युद्धात जखमींच्या पायांना बांधायच्या दीड लाखांच्या आसपास फळ्या निघाल्या. अखंड खुर्ची मात्र निघेना. शेवटी बैठक वेगळी आणि पाठ वेगळी करून भागवलं.

अखंड खुर्ची बाजारात आली 1950 साली, काचेचे तंतू आणि पॉलिएस्टर राळ यांची. नुसती राळ ठिसूळ, नुसते तंतू लुळे. एकत्र थिजले की दणकट. यात आमच्या आजीला नवल वाटलं नसतं. भिंतीच्या चिखलात ती भाताचा पेंढा घालायची तो याचसाठी. तिनं पेटंट घेतलं नाही, एवढंच.

हे सगळं मी रंगात येऊन हिला सांगत होतो.

"अहो, पण नाव कुणाचं झालं?" हिनं विचारलं.

प्रश्न अडचणीचा होता. 1946 साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात या फर्निचरचं प्रदर्शन भरलं, त्यावर नाव एकट्या चार्ल्सचं. मी म्हटलं, "जॉइंट अकाउंट होतं गं, पण वरचं नाव त्याचं."

"आणि आपल्या खात्यात?"

"आपल्या खात्यात शिल्लक कुठं आहे?" असं म्हणून मी कमरेला शेक घ्यायला पिशवी मागितली. रबरीच होती. पाणी गरम करून तुम्हीच भरा, म्हणाली.