चहा पिणाऱ्या बाईचा फोटो

वाफाळत्या चहाचा फोटो ज्या घरात निघाला नाही असं घर आता शोधूनही सापडायचं नाही. पहिला पाऊस आला, काढ फोटो. नवा कपबशीचा सेट आणला, काढ फोटो. माथेरानला गेलं तर कप पुढे आणि डोंगर मागे! मीही त्यातलीच. फरक एवढाच, की कपाचे फोटो काढता काढता मला कप तोंडाला लावणाऱ्या माणसाचे फोटो काढायचा नाद लागला, आणि त्या नादापायी काही गोष्टी अशा दिसल्या की तुम्हांला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पण आधी तुमची नेहमीची तक्रार मिटवून टाकते. “आमच्या फोटोत वाफ येतच नाही हो!” येईल. उजेड कपाच्या मागून किंवा बाजूने येऊ द्या, आणि कपाच्या पाठीमागे काहीतरी गडद असू द्या. जुनी काळी शाल टांगली तरी चालते. फ्लॅश बंद. समोरून उजेड पडला की वाफ हरवलीच म्हणून समजा. सकाळच्या गारव्यात ती जास्त दिसते. पन्हं, कोकमाचं सरबत, उसाचा रस यांनाही मागचाच उजेड मानवतो. काचेच्या पेल्यातला रंग कसा दिव्यासारखा पेटतो ते बघाच. स्टीलच्या पेल्याच्या मात्र वाटेला जाऊ नका. त्यात आपणच दिसतो, गाऊनसकट!

आणि जाहिरातीतल्यासारखा पेला आपल्याला का जमत नाही म्हणून खट्टू होऊ नका. पेल्यावर चमकणारे ते थेंब पुष्कळदा ग्लिसरीन घातलेल्या पाण्याचे असतात, म्हणून ते ओघळत नाहीत. बर्फाचे खडे ॲक्रिलिकचे असतात, म्हणून विरघळत नाहीत. तो पेला कुणी पिण्यासाठी भरलेलाच नसतो.

पिणाऱ्याचा चेहरा ही निराळीच गंमत. फुंकर घालताना माणूस लहान मुलासारखा दिसतो. बशीतून फुरका मारणारे आजोबा डोळे मिटून घेतात. तांब्या उंच धरून, ओठ न लावता गटागटा पाणी पिणाऱ्याच्या गळ्याची घाटी कशी वरखाली होते! खरा फोटो घोट घेताना नव्हे, घेतल्यावर मिळतो. कप खाली आला की एक क्षणभर चेहऱ्यावरचा सगळा ताण सैल पडलेला असतो. तो क्षण गाठायचा. आधी विचारून, अर्थात. तोंडाला पेला लावलेल्या माणसावर न सांगता कॅमेरा रोखणं मला तरी बरं वाटत नाही.

असे शंभरेक फोटो जमल्यावर एकदा दुपारी ते ओळीने बघत बसले आणि लक्षात आलं, की त्यांत बायका फारच थोड्या आहेत. म्हणून माहेरचे जुने आल्बम काढले. काका चहा पिताहेत, मामा पिताहेत, मुंजीला आलेले गुरुजी पिताहेत. आई प्रत्येक फोटोत आहे, पण हातात ट्रे घेऊन. तिन्ही आल्बममध्ये आई चहा पितानाचा एकही फोटो नाही! आई चहा पीत नव्हती म्हणता? दिवसातून चार वेळा प्यायची. पण सगळ्यांचा झाल्यावर, ओट्याला टेकून, पातेल्याच्या तळाशी राहिलेला. तिथे कॅमेरा कशाला येतोय? कॅमेरा बाबांकडे, आणि बाबा बाहेरच्या खोलीत.

तुमच्याही घरचे आल्बम एकदा बघा. बाईच्या हातात कप आहे, पण तो दुसऱ्याला द्यायला. मुलगी दाखवण्याच्या कार्यक्रमापासून तिला तेच शिकवलेलं. पाण्याचं तर विचारूच नका. डोक्यावर तीन-तीन हंडे घेऊन निघालेल्या बायकांचे फोटो आपण दर उन्हाळ्यात वर्तमानपत्रांत बघतो. मराठवाड्यातले असोत नाहीतर राजस्थानातले, किती सुरेख दिसतात, परदेशातून आलेले लोकही तेच काढून नेतात. पण दोन कोस चालून आल्यावर त्याच पाण्याचा घोट घेणारी बाई तुम्ही फोटोत कधी पाहिलीत? तिलाही तहान लागतेच ना!

नाही म्हणायला जगात सगळीकडे असंच चित्र नाही. फ्रान्सचे नामवंत फोटोग्राफर आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांचा १९३८ सालचा एक फोटो आहे. नदीच्या काठी रविवारी सहलीला आलेली साधी माणसं, गवतावर पाठमोरी बसलेली, खाणं संपत आलेलं, आणि त्यांतला एक पुरुष स्वतः बाटलीतून पेल्यात वाइन ओततो आहे. फ्रान्सच्या कामगारांना भरपगारी रजेचा कायदा १९३६ साली मिळाला, त्यानंतरचे हे दिवस. मला त्या फोटोत नदीपेक्षा तो ओतणारा हातच जास्त आवडतो.

पण फ्रान्समध्येसुद्धा बाईच्या हातातला पेला सुखाने राहू देतात असं समजू नका. १९५८ साली रोबेर द्वानो यांनी पॅरिसच्या एका कॅफेत फोटो काढला. काउंटरपाशी एक तरुण मुलगी आणि शेजारी प्रौढ गृहस्थ, पुढ्यात वाइनचे पेले. दोघांना विचारून काढलेला फोटो. आधी तो कॅफेंवरच्या एका मजकुरासोबत छापून आला. काहीच बिघडलं नाही. मग दारूबंदीचा प्रचार करणाऱ्यांच्या पत्रिकेत आला, दारूचे दुष्परिणाम दाखवायला! पुढे एका सनसनाटी साप्ताहिकाने तोच फोटो वेश्याव्यवसायावरच्या मजकुरात टाकला. ते गृहस्थ बिचारे चित्रकलेचे शिक्षक. प्रकरण कोर्टात गेलं. गिझेल फ्रॉइंड ही स्वतः मोठी फोटोग्राफर. तिने १९७४ च्या आपल्या पुस्तकात ही हकिगत दिली आहे. फोटो तोच, पेले तेच, फक्त खालची ओळ बदलली. आणि मनात आणा, तिथे दोन पुरुष उभे असते तर ती तिसरी ओळ कुणाला सुचली असती का?

आपल्याकडे वाइन लांबच, साध्या चहाचीसुद्धा हीच तऱ्हा होती. इराण्याच्या हॉटेलात बायकांसाठी आतल्या बाजूला ‘फॅमिली रूम’ असायची. बाहेरच्या संगमरवरी टेबलांवर पुरुष ब्रून-मस्का खात पेपर वाचणार, आपण पडद्याआड. पुण्याच्या अमृततुल्यच्या बाकावर एकटी बाई बसलेली मी लहानपणी पाहिली नाही. आता हिंजवडीला कंपन्यांच्या बाहेर टपरीवर मुली कटिंगचा ग्लास दोन बोटांत धरून उभ्या असतात, तावातावाने बोलतात, हसतात. तिथे मी चार मुलींचा फोटो काढला. तिघी हसल्या. चौथी ग्लास पाठीमागे लपवून म्हणाली, “काकू, घरी नका हं दाखवू कुणाला.” अगं, चहाच होता ना तो!

इस्तंबूलला सहलीबरोबर गेले होते तेव्हाची गोष्ट. तिथले चहाचे पेले मधे बारीक, वरखाली फुगीर. दोनमजली किटलीत खाली पाणी उकळतं आणि वर अर्क मुरतो. चहाचा तांबडा रंग नेमका उतरला की तिथले लोक त्याला सशाच्या रक्ताचा रंग म्हणतात. ऐकायला कसंसंच वाटतं, पण पेला उजेडात धरला की पटतं. गल्लीबोळांतल्या चहाकॉफीच्या दुकानांत सोंगट्या खेळत बसलेले सगळे पुरुषच. पण बॉस्फरसच्या बोटीवर चहावाला ट्रे घेऊन आला, आणि कठड्यापाशी एकटीच बसलेल्या, डोक्याला रुमाल बांधलेल्या, माझ्याच वयाच्या बाईने एक पेला घेतला. साखरेचे दोन चौकोनी खडे टाकले आणि समुद्राकडे बघत सावकाश प्यायली. कुणाला द्यायचं नाही, कुणाचा रिकामा पेला उचलायचा नाही. मी खुणेने विचारलं. तिने मानेनेच हो म्हटलं आणि पेला जरा वर उचलला. माझ्या संग्रहातला तो सगळ्यांत साधा फोटो, आणि सगळ्यांत लाडका.

माझी भाची दोन वर्षं ब्युनॉस आयर्सला होती. तिने पाठवलेल्या फोटोंत तिथला ‘माते’ आहे. वाळवलेल्या पानांचा तो कडू काढा एका लहानशा भोपळ्यात असतो, त्यात धातूची नळी. एकच भोपळा, एकच नळी, आणि बसलेल्या सगळ्यांनी आळीपाळीने त्यातूनच प्यायचं. आपल्या आजीला हे उष्टं खपलं असतं का! पण मला गंमत वाटली ती वेगळीच. जी बाई गरम पाणी ओतून भोपळा फिरवते ना, पहिला तिचा. पहिला फार कडू लागतो, तो पाहुण्याला कसा द्यायचा, म्हणून ओतणारीनेच आधी प्यायचा. शेवटी उरलेला नव्हे, पहिला! भोपळा परत देताना ‘ग्रासियास’ म्हणजे ‘आभारी आहे’ म्हटलं, की ‘मला आता पुरे’ असा अर्थ होतो. भाचीने पहिल्याच दिवशी सभ्यपणे आभार मानले आणि पुढे तिला कुणी विचारलंच नाही.

आता जरा अवघड गोष्ट. एका ओळखीच्या घरी गेले होते. स्वयंपाकघर नवीन केलेलं, खिडकीतून छान उजेड येत होता, ओट्यावर चहा गाळून ठेवलेला. मी फोटो काढला आणि त्यांना दाखवला. त्यांनी जरा निरखून पाहिला आणि म्हणाल्या, “छान आलाय गं. फक्त तो कडेचा कप काढून टाक.” खिडकीच्या कट्ट्यावर, झाडांच्या कुंड्यांच्या मागे, कान तुटलेला एक कप पालथा घातलेला होता. धुण्याभांड्याच्या बाईंचा. डोळ्यांना रोज दिसत नव्हता, फोटोत दिसला.

तो कप बघितल्यावर मला एलियट अर्विट यांचा १९५० सालचा फोटो आठवला. अमेरिकेतलं नॉर्थ कॅरोलिना राज्य. भिंतीला लागून पिण्याच्या पाण्याच्या दोन जागा, वर दोन पाट्या: एक गोऱ्यांसाठी, एक ‘रंगीत’ लोकांसाठी. गोऱ्यांचं यंत्र उंच आणि ऐटदार, शेजारचं नुसतं लहानसं बेसिन. त्यावर एक कृष्णवर्णीय माणूस वाकलाय. अंतर म्हणाल तर दोन हातांचं. गॉर्डन पार्क्स यांनी १९५६ साली अलाबामात असाच, पण रंगीत फोटो काढला. त्यात बायका आणि मुलं आहेत, अंगावर छान इस्त्रीचे कपडे, आणि पाणी पाटी बघून प्यायचं. १९६४ च्या नागरी हक्कांच्या कायद्याने त्या पाट्यांचा आधार गेला.

आपल्याकडे २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळभर पाणी घेतलं आणि त्यांच्यामागून हजारो लोक प्यायले. त्या ओंजळीचं चित्र आपण शिल्पांत, रंगवलेल्या फलकांवर बघतो. तळ्याचा कोर्टातला वाद मिटायला १९३७ साल उजाडलं. आणि कट्ट्यावरचा कप? त्यावर पाटी नसते, म्हणून कोर्टही नाही. “अहो, स्वच्छतेसाठी असतो” असं सांगणाऱ्या मला पुष्कळ भेटल्या. त्याच बाईंनी घासलेल्या कपांतून आपण सगळे पितो, हे त्यांना सुचत नाही असं नाही.

फोटोतून तो कप मी काढला नाही. आहे तसाच त्यांना पाठवला. पंधरा दिवस त्यांचा फोन आला नाही. मग आला, आणि आम्ही लोणच्याबद्दल बोललो.

आमच्या सगळ्या गोतावळ्यात बाई पिताना दिसते असा जुना फोटो एकच निघाला, मावशीचा. त्या काळी इथिओपियात पुष्कळ भारतीय शिक्षक नोकरीला जात, तशी मावशी आणि तिचे यजमान दोघंही गेले होते. फोटो १९६८ चा, काळापांढरा. जमिनीवर हिरवं गवत अंथरलेलं, शेजारीण चुलीपाशी बसलेली, पुढे लांब मानेचं मातीचं कॉफीपात्र आणि बिनकानाच्या इवल्याशा कपांची रांग. तिथे शेजारणी जमल्या की कॉफीचे हिरवे दाणे समोरच भाजतात, भाजताना निघणारा धूर प्रत्येकीने हाताने ओढून हुंगायचा, मग कुटायचे, मग उकळायचं. सोबत मक्याच्या लाह्या. तासभर सहज जातो. मधोमध माझी मावशी नऊवारी नेसून मांडी घालून बसली आहे आणि कप ओठांना लावून चक्क डोळे मिटले आहेत.

मी तिला फोटो दाखवायला नेला. आता तिला कमी ऐकू येतं. “कुणी काढला गं?” म्हणून ओरडून विचारलं.

“शेजारणीच्या मुलाने. हे शाळेत होते.”

मग फोटो डोळ्यांशी नेऊन म्हणाली, “हा तिसरा कप बरं का. पहिला अबोल, दुसरा तोना, तिसरा बरका. तिसरा घेतल्याशिवाय उठायचं नसतं तिथे. घरी पोळ्या राहिल्या होत्या माझ्या.”

“मग?”

“मग काय! राहिल्या.”