विकायला नेलेलं शिंगरू

थोडक्या कोरडवाहू रानावर घोडी पाळणं हिशेबात बसत नाही. म्हैस दूध देते, बैल औत ओढतात. घोडी लग्नसराईत नवरदेवाला पाठीवर घेते आणि उरलेलं वर्ष दावणीला उभी राहून खाते. वाटूर फाट्यावर ट्रॅक्टर भरभरून वाहत असताना आमच्या गोठ्यात तोबरा बांधलेला दिसला की नवा माणूस हसतो. वडिलांना त्याचं काही वाटत नाही.

घोडीचं गाभणपण अकरा महिन्यांचं. शेवटी शेवटी कास भरते, सडांच्या टोकाला मेणासारखे थेंब साकळतात, आणि मग घरात कुणाला धड झोप नाही. घोडी व्यायची ती बहुधा रात्रीच, आणि तेही माणूस चहाला उठून गेला की. कळा घट्ट झाल्या की अर्ध्या तासात सगळं उरकतं. वडील लांब उभे राहतात, हात पाठीमागे बांधून. शिंगरू उठतं, पडतं, पुन्हा उठतं. अंगाला न शोभणारे लांबलचक पाय कुठे ठेवायचे हे त्याला कळत नाही. माझे हात शिवशिवतात. "राहू दे, शिकतंय ते," एवढंच वडील म्हणतात. मात्र चीक पोटात गेला का, यावर त्यांचा डोळा असतो. आईच्या पोटात असताना रोगाशी लढायचं बळ शिंगराला मिळत नाही. ते चिकातूनच मिळतं, आणि ते शोषून घ्यायची आतड्याची ताकद पहिल्या दिवसापुरतीच. वार तीन तासांत पडली नाही तर डॉक्टरांना फोन. तिथे वडिलांचा धीर चालत नाही, चालू नयेही.

पुढच्या काही दिवसांत शिंगरू आईची लीद चाखतं. पाहुण्यांना किळस येते. पण चारा पचवणारे जिवाणू त्याच्या पोटात असेच जातात.

खरी अडचण चाऱ्याची. ज्वारी होती तेव्हा कडब्याच्या गंजी होत्या. आता काळ्या रानात सोयाबीन आणि कपाशी. सोयाबीनच्या कुटारावर जनावर जगेल, घोडं नाही पोसत. शिवाय घोड्याला ओकता येत नाही. बुरशी धरलेली पेंढी पोटात गेली की पोटशूळ, मग रात्रभर त्याला लोळू न देता हातात धरून फिरवायचं.

याच मुलखात एकेकाळी घोड्यावर पोट चालायचं. स्वतःचं घोडं असलेला शिलेदार, सरकारी घोड्यावरचा बारगीर. आमच्याच जिल्ह्याच्या उत्तरेला, भोकरदन तालुक्यातल्या असईला, 23 सप्टेंबर 1803 रोजी झालेल्या लढाईत इंग्रज सेनापती वेलस्लीचं एक घोडं गोळीनं पडलं आणि डायोमेड नावाच्या दुसऱ्या, आवडत्या घोड्याला भाला लागला. लढाईच्या पुस्तकांत त्या घोड्याचं नाव उरलं. त्याच दिवशी मेलेल्या कितीतरी शिपायांचं नाही. 2019 च्या पशुगणनेत देशभरात साडेतीन लाखांहूनही कमी घोडी-तट्टं उरली, आधीच्या गणनेच्या जवळपास निम्मी.

उरल्यासुरल्यांच्या नशिबी वरात. मला तिचं वावडं नाही, पोट तिच्यावरच आहे. पण डीजेच्या भिंतीसमोर, काटेरी लगाम ओढून घोडीला नाचवणाऱ्यांना मी घोडेवाले म्हणत नाही. वडील शिंगराला आधी माणसाच्या हाताची सवय लावतात. रोज खरारा, रोज चारही पाय उचलून बघणं, म्हणजे पुढे नालबंद आला की ते बिथरत नाही. मग ताशा, लांबून. पाठीवर माणूस तिसऱ्या वर्षाआधी नाही, कितीही बयाणा आला तरी.

दरवर्षी घरात ठरतं, यंदाचं शिंगरू माळेगावच्या यात्रेत विकायचं. मार्गशीर्ष सरता सरता लोहा तालुक्यातल्या खंडोबाच्या या यात्रेला आम्ही टेम्पो करून जातो. घेणारे दात बघतात, भोवरे मोजतात, देवमण हा शुभ भोवरा आहे का म्हणून गळा चाचपतात. मग भाव ठरवायला रुमालाखाली हातात हात जातो. वडिलांची बोटं काय बोलतात कोण जाणे, समोरचा दचकून हात काढून घेतो.

"मालक, इकायला आणलंय का देवाला दावायला?" एकानं विचारलंच.

"देवाला दावून झालंय," वडील म्हणाले आणि पलीकडच्या पालावर शिंगरासाठी घुंगरमाळ बघायला गेले. तिथे मात्र त्यांनी भाव केला नाही.