समासातली रेघ

गुरू आणि शिष्य यांची चित्रे एकाच दालनात मांडण्याचा एक ठरलेला शिरस्ता आहे आणि तो मला कधीच मानवला नाही. दर्शनी भिंतीवर गुरूंची चित्रे, दोन्ही अंगांना ज्येष्ठतेच्या क्रमाने शिष्यांची, प्रवेशद्वाराशी हार घातलेली तसबीर आणि समई, असा तो दरबारच असतो. त्यात मानकऱ्यांच्या जागा चुकत नाहीत, परंतु कोणी कोणाकडून काय घेतले आणि काय घ्यावयाचे नाकारले, हे पाहणाऱ्याला शेवटपर्यंत उमगत नाही. म्हणूनच हिंजवडीतील आमच्या वसाहतीच्या सभागृहात आमच्या चित्रकलेच्या सरांचे आणि त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांचे प्रदर्शन भरवावयाचे ठरले, आणि जलरंगात काम करणारा व मुलांचे वर्ग घेणारा म्हणून मांडणीचे काम माझ्याकडे आले, तेव्हा हा शिरस्ता मोडण्याची मुभा मी आधीच मागून घेतली.

सभागृह कसले, काचेची पेटीच ती! जलरंगाला उन्हाचे वावडे, कारण तीव्र प्रकाशात त्यातले नाजूक रंग कायमचे फिके पडतात. शिवाय चित्रावर काच असल्याने समोरच्या खिडकीतली माहिती तंत्रज्ञानाची सगळी इमारत चित्रातल्या नदीत उतरते. तेव्हा पश्चिमेकडचे पडदे ओढून घेणे, दिवे चित्राच्या समोर न ठेवता वरून तिरके सोडणे, आणि चौकटी लहानमोठ्या असल्या तरी प्रत्येकीचा मध्य जमिनीपासून सुमारे पाच फुटांवर, म्हणजे उभ्या माणसाच्या दृष्टीच्या रेषेत आणणे, एवढा बंदोबस्त करावाच लागला. खरा पेच होता तो कोणाशेजारी कोण, याचा.

या बाबतीत मला नेहमी इंदूरच्या दत्तात्रय दामोदर देवळालीकरांचे स्मरण होते. ते स्वतः पौराणिक विषय परंपरेच्या वळणाने रंगवणारे. परंतु १९२७ साली सुरू झालेल्या त्यांच्या चित्रशाळेतून नारायण श्रीधर बेंद्रे निघाले, मकबूल फिदा हुसेन निघाले आणि विष्णू चिंचाळकरही निघाले. या तिघांची चित्रे एका भिंतीवर लावली, तर त्यांचा गुरू एक होता, हे त्या भिंतीकडे पाहून कोणीही शपथेवर सांगू शकणार नाही. पुढे बेंद्रे १९५० साली बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात शिकवू लागले आणि १९६६ पर्यंत तेथे राहिले. त्यांच्या हाताखालचे ज्योती भट्ट मुद्राचित्रांकडे वळले आणि कॅमेरा घेऊन खेड्यापाड्यांतील भित्तिचित्रे व रांगोळ्या टिपत हिंडले. गुलाम मोहम्मद शेख यांनी चित्रात कथा सांगितल्या. शांती दवे मेणाच्या माध्यमातून अमूर्ताकडे गेले. स्वतः बेंद्रे तरी एका जागी कोठे थांबले? निसर्गचित्रे, घनवादी प्रयोग, अमूर्त रचना आणि उत्तरायुष्यातली ती असंख्य बिंदूंनी उभारलेली चित्रे, असा त्यांचा प्रवास. जो शिक्षक स्वतःच्या शैलीची सनद आपल्या नावावर कायम करून घेत नाही, तो शिष्यांवरही तिचा शिक्का उमटवीत नाही, असे माझे मत या वंशावळीवरून झाले आहे.

मग शिक्षकाचा हात दिसावा तरी कोठे? तैलरंगात तो दिसतच नाही. गुरुजींनी विद्यार्थ्याच्या हातातला कुंचला घेऊन गालावर एक फटकारा मारला, तर वर चढणाऱ्या थरांत तो विरून जातो. जलरंगाचा स्वभाव निराळा. ओल्या कागदावर एकदा सोडलेला रंग माघारी घेता येत नाही, दुरुस्तीला गेले की चिखल होतो. म्हणून जलरंगाचा जाणता शिक्षक मुलाच्या चित्राला बोट लावीत नाही, तो समासात लिहितो. आमचे सर तसेच होते. चैत्रात म्हातोबाच्या बगाडाला ते आम्हां मुलांना हिंजवडीला घेऊन येत, परंतु कागद-पेन्सिल बरोबर आणण्यास सक्त मनाई असे. दुसऱ्या दिवशी वर्गात आठवून काढावयाचे. एलिमेंटरीच्या परीक्षेतल्या स्मरणचित्राची ती तालीम होती, असे आम्हांला तेव्हा वाटे.

त्या वर्गातला एक कागद एका मित्राने पोटमाळ्यावरून शोधून आणला. त्यात बगाडाचे आडवे लाकूड पाटीवर पट्टीने ओढल्यासारखे सरळ आहे आणि गळकरी, म्हणजे बगाडाला टांगला जाणारा मानकरी, त्याला घड्याळाच्या लंबकासारखा निवांत लटकतो आहे. चित्राला सरांचा स्पर्शही नाही. उजव्या समासात मात्र करंगळीएवढ्या जागेत दोन रेघा आहेत: एक भाराखाली किंचित वाकलेली, दुसरी दोराची, पुरती ताणलेली. माणसाचे वजन त्या दोन रेघांत आहे, अख्ख्या रंगीत चित्रात नाही. हा मित्र आज चाकणकडे मोटारींचे मातीचे नमुने घडवतो, आणि चाकावर गाडी ‘बसली’ की ‘तरंगली’ हे अजूनही त्या वाकलेल्या रेघेवरून ठरवतो, असे तो म्हणाला. त्याचा तो कागद मी सरांच्या एका घाटचित्राशेजारी लावला आणि खाली त्याने घडवलेल्या नमुन्याचे छायाचित्र ठेवले.

यावर आमच्यातल्या काहींनी नाराजी दाखवली. शाळकरी पोराचे चुकीचे चित्र सरांच्या मांडीला मांडी लावून बसवणे हा सरांचा उपमर्द आहे, असा त्यांचा आक्षेप होता. आक्षेप प्रामाणिक होता, परंतु मला तो पटला नाही. सरांची पूर्ण झालेली चित्रे त्यांच्या चित्रकारितेची साक्ष देतात. शिक्षक म्हणून त्यांनी जे केले, त्याचा दस्तऐवज त्या समासाखेरीज कोठेही नाही. अशा कागदांना बाजारात मोल नसते, त्यांवर सही नसते, आणि म्हणूनच ते सर्वांत आधी नाहीसे होतात. फलक रंगवणारा, संगणकाच्या पडद्यावर चिन्हे रेखाटणारा, स्वतः कलाशिक्षक झालेला, अशा कितीतरी शिष्यांकडून नवी चित्रे आली. जुने कागद मात्र मोजकेच हाती लागले.

तेव्हा वाचकांपैकी ज्यांनी कधी कोणा चित्रकलेच्या शिक्षकापाशी धडे घेतले असतील, त्यांना माझी विनंती आहे. दिवाळीच्या साफसफाईत जुनी ड्रॉइंगची वही रद्दीत घालण्यापूर्वी तिचे समास एकदा पाहावेत. तेथे दुसऱ्या हाताची रेघ दिसली, तर ते पान वेगळे काढावे, मागे पेन्सिलीने सरांचे नाव, शाळा आणि साल लिहावे, आणि पुढच्या खेपेस कोणी प्रदर्शन भरवील, तेव्हा ते संकोच न करता आणून द्यावे.