चाळीसगावच्या पुढे

"क्रॉस-कंट्री? म्हणजे धावायची शर्यत ना?" मेसच्या मावशींपासून प्रॅक्टिकलच्या सरांपर्यंत सगळ्यांनी मला हेच विचारलंय. नाही हो! विमानातली क्रॉस-कंट्री म्हणजे एका धावपट्टीवरून उडून दुसऱ्या गावी पोचायचं, नकाशा, घड्याळ आणि होकायंत्राच्या भरवशावर. खासगी वैमानिकाच्या लायसन्ससाठी किमान 40 तास उडावं लागतं, त्यातले 20 एकटीने, आणि एकटीची क्रॉस-कंट्री किमान 5 तास. माझ्या सुट्ट्या त्यातच जातात.

डिसेंबरात माझी पहिली सोलो क्रॉस-कंट्री होती. धुळे ते छत्रपती संभाजीनगर, साधारण 73 नॉटिकल मैल, सेसना 152 मध्ये हिशोबाने 50 मिनिटं. आदल्या रात्री नकाशावर पेन्सिलने रेघ मारली, तर चाळीसगाव आणि कन्नड दोन्ही रेघेवरच. म्हटलं, सोप्पंय!

पहिली 20 मिनिटं नुसती चैन. खाली धुळे-चाळीसगाव रेल्वेलाइन, ती धरून गेलं की झालं. चाळीसगाव अगदी ठरल्या मिनिटाला आलं. लॉग शीटवर वेळ लिहिली आणि (आता सांगायला लाज वाटते) चक्क शीळ घातली. त्या नादात एक काम राहिलं.

विमानात दिशा दाखवायला एक जायरो असतो. तो स्थिर दिसतो पण हळूहळू सरकतो, म्हणून दर 10-15 मिनिटांनी होकायंत्राशी जुळवून घ्यायचा. होकायंत्र बिचारं सारखं डुलत असतं, पण खरं तेच. मी रूळ बघून उडत होते, त्यामुळे जायरो सरकलाय हे कळलंच नाही. चाळीसगावला रूळ मेन लाइनला मिळाले आणि माझी सोबत संपली. पुढे डोंगर, धुरकट हवा आणि पूर्वेचा वारा. मी मात्र इमानेइतबारे जायरोवरची दिशा धरून चालले होते.

नवव्या मिनिटाला कन्नड यायला हवं. आलं! गाव, शेजारी पाणी, मधून रस्ता. पाण्याचा आकार नकाशाशी जुळेना. म्हटलं, यंदा पाऊस बरा झालाय. रस्ता घाटाकडून यायला हवा, हा आडवाच जात होता. म्हटलं, बायपास असेल! रीडिंग ग्राफवर बसत नसलं की आपण ते कसं 'बसवतो' (सर, एवढं वाक्य वाचू नका), अगदी तसंच. आणि रेडिओवर कंट्रोलला सांगूनही टाकलं, 'ओव्हर कन्नड'.

पंधराएक मिनिटांनी देवगिरी दिसला. ती तासलेली उभी टेकडी दुसरी कुठली असूच शकत नाही. पण माझ्या रेघेपासून किल्ला उजवीकडे 6-7 मैलांवर. म्हणजे त्या धुरकट हवेत तो मला दिसायलाच नको होता. आणि दिसत होता डावीकडे, अगदी जवळ.

तोंडाला कोरड पडली. जायरो होकायंत्राशी ताडून पाहिला, तर 12 अंशांचा फरक! तेवढ्यात रेडिओवर एक मोठं प्रवासी विमान उतरायला खाली येत असल्याचं ऐकू आलं. कंट्रोलर त्याच्या कॅप्टनला माझी जागा सांगत होता. मी सांगितलेली, म्हणजे चुकीची.

खरं सांगते, पाच सेकंद वाटलं की गुपचूप डावीकडे वळावं, कोणाला कळतंय! सगळे ऐकत असताना बावळट ठरण्यापेक्षा बरं. मग बटण दाबलं. "करेक्शन," म्हटलं, आणि पोझिशन सांगितली, देवगिरीच्या पश्चिमेला. आवाज आठवीतल्या मुलीसारखा निघाला. कंट्रोलर फक्त 'रॉजर' म्हणाला आणि मला तिथेच गिरक्या घालत थांबवलं. मोठं विमान उतरेपर्यंत मी देवगिरी चारही बाजूंनी पाहून घेतला. चिकलठाण्याला टेकले तेव्हा 14 मिनिटं उशीर झाला होता.

परतताना जायरो दर 10 मिनिटांनी जुळवला. घाटाच्या अलीकडे खरं कन्नड लागलं. ते माझ्या 'कन्नड'सारखं अजिबात दिसत नव्हतं!

ते दुसरं गाव कुठलं, हे संध्याकाळी इन्स्ट्रक्टर सरांनी आणि मी नकाशावर बराच वेळ शोधलं. सापडलं नाही. लॉग शीटवर कन्नडसमोरची वेळ खोडून मी 'दिसले नाही' असं लिहिलं. सरांनी खाली सही केली आणि दोन चहा मागवले.