केळकर संग्रहालयांत नातीसह

तान्हें मूल घेऊन जावयाचीं ठिकाणें आपल्या समाजांत ठरल्यासारखीं आहेत. देऊळ, आजोळ, लग्नघर; फार झालें तर संध्याकाळीं बागेंतला एक फेरफटका. पदार्थसंग्रहालय ह्या यादींत बसत नाहीं. मुलाला तेथें काय कळणार, असें म्हणून आपण तो बेत मूल शाळेंत जाईपर्यंत पुढें ढकलतों, आणि त्याबरोबर त्याच्या आईचें तेथें जाणेंहि तितकींच वर्षें लांबतें. ह्या दुसऱ्या गोष्टीचा विचार मात्र फारसा कोणी करीत नाहीं.

नात दहा महिन्यांची असतांना आमच्या सूनबाईनें पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयांत जाण्याचा बेत काढला, तेव्हां घरांत मतभेद झाला. मुलगी रडेल, जिने चढावे लागतील, हे आक्षेप किरकोळ होते. खरा आक्षेप आमच्या थोरल्या जाऊबाईंचा. केळकरांचा मुलगा राजा लहानपणींच वारला. त्याचेंच नांव त्यांनीं ह्या संग्रहालयाला दिलें. “गेलेल्या लेकराच्या नांवाच्या वास्तूंत तान्ह्या पोरीला कशाला नेतां?” असें त्या म्हणाल्या. जाऊबाईंचें स्वतःचें पहिलें मूल हातीं लागलें नाहीं, हें घरांत सर्वांस ठाऊक आहे. त्यामुळें सूनबाई गप्प राहिली. “वहिनी, तुम्हीच चला आमच्याबरोबर,” एवढेंच मीं म्हटलें. बऱ्याच वेळानें त्यांनीं लुगडें बदललें.

केळकरांचा धंदा चष्म्यांचा. ‘अज्ञातवासी’ ह्या टोपणनांवानें ते कविताहि लिहीत. १९२० च्या सुमारास त्यांनीं जुन्या वस्तू जमविण्यास आरंभ केला, आणि पुढें सुमारें वीस हजार वस्तू गोळा झाल्या. पत्नी कमलाबाई ह्यांची ह्या कामीं त्यांना साथ होती. १९७५ सालीं हा सारा संग्रह त्यांनीं महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला. १९९० सालीं ते स्वतः वारले. ह्या वस्तूंपैकीं थोड्याच एका वेळीं मांडतां येतात, पण त्याहि एका खेपेंत पाहून होत नाहींत. विशेषतः कडेवर मूल असेल तर त्या नादीं लागूंच नये. बाबागाडी घरीं ठेवावी, दूध पाजून निघावें, आणि मूल जेथें रमेल तेथें थांबावें.

आमची चिमुरडी शस्त्रांपाशीं रमली नाहीं. (मोठमोठे पुरुष तेथून हालत नाहींत, तो भाग निराळा.) दिव्यांपुढें मात्र ती एकदम थबकली. समया, लामणदिवे, साखळ्यांना टांगलेले दिवे पाहून तिनें दोन्ही हात पुढें केले. आणि काचेंत आपलेंच तोंड दिसतांच तिला दिव्यांचाहि विसर पडला. तिच्यामुळें आम्ही त्या दालनांत जितका वेळ उभ्या राहिलों, तितका एरव्हीं खास राहिलों नसतों.

ह्या संग्रहाचा मोठा भाग माजघर आणि स्वयंपाकघर ह्यांतला आहे, हें पुष्कळांस माहीत नसतें. पशुपक्ष्यांच्या आकाराचे अडकित्ते, कुलुपें, दौती, फण्या, पानाचे डबे. सूनबाईला वज्री ठाऊक नव्हती. आतांपर्यंत मागें मागें राहिलेल्या जाऊबाई पुढें झाल्या आणि न्हातांना टाचा कशा घासावयाच्या, हें त्यांनीं हातवारे करून तिला दाखविलें. मग त्यांना थांबविणें कठीण झालें. आमच्या घरीं एक पितळी बोंडलें होतें, सगळीं मुलें त्यानेंच दूध प्यालीं, आणि स्टीलचीं भांडीं घरांत आलीं तेव्हां तें मोडींत गेलें, हेंहि त्यांनीं सांगितलें. ‘सगळीं’ म्हणतांना त्या क्षणभर अडखळल्या. नंतर हलकेच मला विचारलें, “त्या राजाच्या आईचें नांव काय हो?” मीं नांव सांगितलें. त्यांनीं नातीला माझ्या कडेवरून घेतलें, तें पुढें कोणाकडे दिलें नाहीं.

कोथरूडच्या मस्तानीमहालाचे अवशेष आणून ते येथें पुन्हां जुळविलेले आहेत. तेथें पोंचलों तों पोर जाऊबाईंच्या खांद्यावर झोंपी गेली होती. “आतां तूं जा, काय पाहावयाचें तें नीट पाहून ये,” त्या सूनबाईला म्हणाल्या. ती एकटीच वाद्यांच्या दालनाकडे गेली आणि पाऊण तासानें परत आली. तरीहि एक मजला पाहावयाचा राहिलाच होता.